ताम्हनातलं पाणी

झाडावरून उतरलेल्या माणसाच्या अंगाले कसा वास येते, हे त्याचे कपडे धुणाऱ्या बाईलेच इचारा. सिमेंट बरं होतं बापा! कोरडं असते, झटकलं की पडते. झाडाचं तसं नाही. चीक, पाखराची शीट, सडलेल्या ढोलीतलं काळं पाणी, आन कॉलरमंधी एखादी केसाळ अळी, तेबी जिती. एका दिवशी तं आमच्या ह्याईच्या खिशातून पाखराचं मेलेलं पिल्लू निघालं. म्हणे ढोलीत सापडलं, वरून खाली फेकून द्यावं वाटलं नाही, म्हणून खिशात ठेवलं. मी तो शर्ट काडीनं उचलून मोरीत टाकला आन त्या दिवशी जेवलीच नाही.

मी रुख्मिणी. आमचे हे, किसनराव, अमरावतीत मिस्त्री होते, पलस्तरवाले. मी त्याईच्या हाताखाली रेजा. ते परांचीवर बसून भिंतीले थापी मारत, मी खालून माल कालवून टोपलं वर देत होती. साईनगरातल्या किती भिंती आमी दोघायनं गुळगुळीत केल्या, त्याचा हिशेब नाही. एखाद्या बंगल्यापुढून जाताना मी म्हणत होती, पाहा, हे माह्या माणसाच्या हातचं हाय.

मंग त्याच हाताले सिमेंट लागलं. बोटाईच्या बेचक्यात चिरा पडल्या, चिरात पू झाला, तळव्याले भोकं पडल्यासारखं झालं. भाकर मोडली का भाकरीले रक्त लागे. मी वाढून देत होती आन दुसरीकडं पाहत होती. खोटं कायले बोलू, किळस येत होती मले. ज्याच्या हातचं गुळगुळीत काम मी लोकाईले दाखवत होती, त्याच्याच हाताची किळस! सरकारी दवाखान्यातला डॉक्टर सरळ बोलला, सिमेंट सोडा, नाही तं हे हात कामाचे राहणार नाहीत.

माहा भाऊ खुशालराव मोर्शीकडं राहते, त्याची संत्र्याची बाग हाय. हे तिथी हात सुकवाले गेले आन झाडं पाहत बसले. संत्र्याचा बार तुटला, सगळं फळ उतरलं, की झाडावरच्या वाळलेल्या काड्या काढतात, त्याले सल काढणं म्हणतात. मंग खोडाले चुना-मोरचुदाचा लेप देतात. ह्यांनी ब्रश हाती घेतला आन खोडाले असा सफाईनं लेप दिला, का खुशालराव हासत सुटला, "भाऊजी, झाडाले पलस्तर करून राहिले का?"

हासला तो, आन भोगलं मी. हात बरे करून आले आन डोक्शात झाडं घेऊन आले. वाळल्या फांद्या काढणं, किडलेलं कोरून साफ करणं, वाकलेलं झाड बांधणं, हेच आता करीन म्हणे. मी म्हटलं, पानठेला टाका, चौकीदारी करा, काहीबी करा, पण माकडासारखे झाडावर काहून चढता? तं म्हणे, "परांचीवर जिंदगी गेली माही. मले उंच जागीच बरं वाटते. आन भिंत मले कधी ओळख देत नाही. झाड देते."

घ्या! बायकोनं ओळख दिली ते पुरलं नाही.

आन खाली दोर धरणार कोण? मीच. दोराचं एक टोक ह्याईच्या कमरेले, मधात मजबूत फांदी, तिथून दोर खाली येऊन बुंध्याले एक येढा, आन दुसरं टोक माह्या हातात. हे वर सरकले का मी ढील देऊ, थांबले का कसून धरू. परांची मोडली असती तं वाळूच्या ढिगावर पडले असते. इथी तं सगळा जीव माह्या मुठीत. वरून भुसा डोळ्यात पडे, मुंगळे मानेवर पडत, आन मी तोंड बंद करून वर पाहत राहू.  ह्याईले खाली उतरवणं, बस, एवढंच माह्या मनात होतं. कसंबी करून दोर सोडवायचा आन माणूस जमिनीवर आणायचा.

झाडाची किळस सवयीनं कमी झाली असती. पण त्या धंद्यात माणसं दिसतात ना, ती पाह्यली का मळमळते. झाडाची दवा कराले कोणी बोलावत नाही. एकाले लिंबोणी पाहिजे, पण पानं आंगणात पडू नाही. एकीचं म्हणणं, शेजाऱ्याच्या आंब्याची आमच्याकडची बाजू वाळवून द्या, त्याले समजू नाही असं करा. एक दुकानवाला म्हणे कडुनिंबामागं माहा बोर्ड झाकला जाते. बोर्ड कायचा, तं आयुर्वेदिक औषधीचा! थू! हे सगळ्याईले हात जोडून नाही म्हणत, आन मी रिकामी पिशवी घेऊन मागं मागं चालत राहू.

अशातच अकोल्याहून फोन आला, जठारपेठेतून. कमलाकांत वकील. कोर्ट सोडून घरीच बसलेले, पण बोलणं अजून कोर्टातलं. आजे-पणजे पूजा सांगणारे, वकिलाले बी सगळे मंत्र पाठ. बंगल्याच्या फाटकातून दरवाजाकडं जाताना वाटेलेच लागून मोठं उंबराचं झाड. आमी पाहाले गेलो तो दिवस गुरुवार होता. वकिलाची बायको, अनुपमाबाई, एका हातात तांब्या घेऊन, दुसरा हात बुंध्यावरून फिरवत उंबराले फेऱ्या मारून राहिली होती. ओठ हालत होते, डोळे मिटलेले. बुडाशी हळद, कुंकू, चंदन, सुताचे येढे, सडलेली केळं, त्याच्यावर माशा. मले मनातून बरं वाटलं, म्हटलं चला, इथी तरी झाडाची कदर हाय.

"झाड वाळलं आहे," वकील म्हणाले. "दत्ताचं स्थान, आमच्या तीन पिढ्यांनी पुजलेलं. पण काय करणार, आयुष्य संपलं की संपलं. तोडायची परवानगी मिळाली आहे. शुभंकर, आमचा मुलगा पुण्याला असतो, त्याला इथे तीन मजली घर बांधायचंय."

ह्याईचं ध्यान झाडावर होतं. माहं ध्यान घरावर.

"साहेब, बांधकामाले मिस्त्री ठरला का?" मी मधातच इचारलं.

वकिलानं माह्याकडं पहिल्यांदा पाह्यलं. मी सगळं सांगितलं. ह्याईचं काम, साईनगरच्या भिंती, सगळं. ते हासले. "असं? मग प्रश्नच मिटला. झाडाचं काम नीट होऊ द्या, घराचा ठेकाही तुम्हालाच. विश्वासाचा माणूस मिळतो कुठे हल्ली?"

ठेका! ठेकेदाराले सिमेंटमंधी हात घालावा लागत नाही. डोक्यावर छत्री धरायची, बोट दाखवायचं, "ये बंडू, ओळंबा धर बे" म्हणायचं. मी तं तिथीच ह्याईले छत्रीखाली उभं केलं. त्याईच्या पायाखाली जमीन, माह्या हातात दोर नाही. ह्याईनं हळूच म्हटलं, "मले पेलन का वो ठेका?" मी म्हटलं, "मी हाय ना! चूप राहा तुमी."

चहा आला. त्याईचा कपबशीत, आमचा कागदी गिलासात. चालते, मी मनाले लावून घेतलं नाही. अनुपमाबाई माह्यापाशी येऊन बसली, मायेनं इचारू लागली.

"मुलंबाळं किती?"

"एकच पोरगी, आरती. मूर्तिजापूरले देली."

"तिला काही?"

"हाव ना बाईसाहेब. लय वर्षांनी दिवस गेले. दवाखाने केले, नवस केले, आता कुठी आसरा लागला."

बाईचा चेहरा असा फुलला, का मलेच लाज वाटली. "अगं बाई! गरोदर आहे? मग तर फारच छान झालं. अहो, ऐकलंत का?" तिनं वकिलाकडं पाह्यलं, वकिलानं मान हालवली. त्याईची सून अदिती बी पोटुशी होती, पुण्याहून ओटीभरणाले आलेली. जाळीच्या दाराआड उभी होती गोरी पोरगी, पोटावर हात ठेवून. मले वाटलं, एका पोटुशीच्या घरचं माणूस दुसऱ्या पोटुशीच्या बातमीनं खूश होते, यात नवल काय?

वापस जाताना मी गाडीत ह्याईले म्हटलं, "देवमाणसं हायेत." ह्याईनं नुसतं "हं" केलं.

शनिवारी आमी दोर, आरी, करवत पोत्यात भरून बदनेऱ्याहून सकाळची गाडी धरली. उंबरापाशी पोचलो. खाली सडकी उंबरं पायाखाली फुटत होती, फुटलं का आतून बारीक किडे उडत. वर वटवाघळं लटकलेली, त्याईची घाण फरशीवर. मी नाकाले पदर लावला. हे आधी मोकळेच वर चढून पाहून आले.

"रुख्मे, वाळलेलं नाही हे," खाली येऊन म्हणाले. "रस्त्याकडची बाजू हिरवीगार हाय. फळ हाय. एकाच अंगानं मरून राहिलं, आन तेबी बुडातून."

मंग बुडाशी बसले. हळदी-कुंकवाचे थरावर थर होते, त्याच्यावर नख घासलं. घासता घासता थांबले. बोटावरचा पांढरा चुरा दोन बोटात चोळला. सिमेंटनं ज्याचे हात खाल्ले, तो माणूस सिमेंट नाही ओळखणार?

"पांढरं सिमेंट," ते म्हणाले.

"झाडाले?"

ह्याईनं आरीचं टोक घालून बुचासारखा बसवलेला तो डाट उखडला. बोट जाईन एवढं गोल भोक. मशिनीनं पाडलेलं. त्यातून काळं, चिकट, फेस आलेलं पाणी बाहेर आलं आन असा भपकारा आला! झाड माराले घालतात त्या हिंगाचा, आन हिंगामागून संडास धुवाच्या ऍसिडचा, आन त्याच्यामागून सडक्या मांसासारखा. मी पाठ फिरवून तिथीच ओकली. हे एका पाठोपाठ एक उखडत गेले. बुंध्याले गोल, सगळ्या अंगानं भोकं. प्रत्येकाले पांढरं सिमेंट, त्याच्यावर चंदन, त्याच्यावर कुंकू. गुरुवारी फेऱ्या मारताना अनुपमाबाईचा हात जिथून जिथून फिरत होता, नेमकी तिथी तिथी.

म्हणजे एका हातानं विष घालायचं आन दुसऱ्या हातानं नमस्कार करायचा. का, तं झाड आपोआप मेलं असं दिसावं. देवाले बी समजू नाही, परवानगीवाल्याले बी समजू नाही. मले माहं परवाचं "देवमाणसं" आठवलं.

"मी याले हात लावत नाही," हे म्हणाले आन दोर गुंडाळू लागले.

आता खरं सांगते. एवढं पाहून, एवढं ओकून बी माह्या डोळ्यापुढं छत्रीच होती. मी दोर धरला.

"आपल्याले काय करायचं? भोकं का आपण पाडली? झाड मरणारच हाय."

"मरणार नाही. भोकं साफ केली, मेलेलं काढलं तं हिरवी बाजू जगन."

"आन तुमी? तुमी जगान का? एका दिवशी वरून पडान आन मी हातात रिकामा दोर धरून बसन! हे एक झाड पाडा. एकच. मंग घराचं काम हाय, वर्षभर जमिनीवर राहान. मी जिंदगीत काही मागितलं का तुमाले?"

ह्याईनं माह्याकडं पाह्यलं, मंग झाडाच्या भोकाकडं, मंग आपल्या तळव्याकडं. त्या तळव्यावर अजून वण हायेत.  दोर खांद्यावर टाकला. माह्यापुढं त्याईचं कधी चाललंच नाही.

तेवढ्यात वकील सोवळं नेसून बाहेर आले. हातात तांब्याचं ताम्हन, पळी, पंचपात्र. उखडलेले डाट त्याईनं पाह्यले, बरोबर पाह्यले, आन नजर अशी वरून नेली का जसं काही दिसलंच नाही. वाटेतच, उंबराच्या समोर, दोन पाट मांडले.

"तोडण्याआधी झाडाची क्षमा मागायची असते," म्हणाले. "जोडप्यानं बसायचं. साधा संकल्प आहे, पाच मिनिटांचं काम. गोत्र?"

ह्याईले गोत्र कुठलं माहीत! "माहीत नाही, काश्यप म्हणा," म्हणाले.

आमाले वाटलं, आपल्यासारख्याले पाटावर बसवून राहिले, मोठ्या मनाची गोष्ट हाय. मी डोक्यावर पदर घेतला. ह्याईच्या उजव्या हातावर पाणी, अक्षता, फूल ठेवलं, आन मले सांगितलं का नवऱ्याच्या हाताले हात लावून ठेवा. मंत्र म्हणून झाले का पाणी ताम्हनात सोडायचं. जाळीच्या दारात अदिती आली, तशी अनुपमाबाई ओरडली, "तू आत जा! तुला बघायचं नाही हे."

मंत्र सुरू झाले. मले संस्कृत काय समजते? ह्याईचं नाव आलं, माहं आलं. मी डोळे मिटले. मंग मंत्रात 'आरती' आलं. मी डोळे उघडले. म्हटलं पूजेची आरती असन. पण त्याच्या पाठोपाठ 'गर्भ' आला. तेवढं मले समजते. प्रत्येक बाईले समजते.

"आता पाणी सोडा," वकील म्हणाले.

ह्याईनं हात कलता केला. मी त्याईचं मनगट गच्च धरलं, दोर धरते तसं. "सोडू नका! साहेब, आमच्या आरतीचं काय म्हणालात तुमी?"

"काही नाही हो. यजमानांच्या कुटुंबाचा उल्लेख करायचा असतो."

"कुटुंबाचा का गर्भाचा? तिच्या पोटातल्याचं काय काम इथी?"

वकील घसा साफ करत बसले. बोलली ती अनुपमाबाई, तेबी समजूत घालावी अशा गोड आवाजात. "असं बघा, घरात गर्भार बाई असताना झाड तोडत नाहीत, त्यातून उंबर. दोष लागतो. शुभंकरचं घर तर थांबवता येत नाही. मग ज्याच्या हातून तुटतं त्याच्या घरीही गर्भ असेल, तर तो दोष पुरता तिकडे उतरतो. आम्ही किती दिवस असं कोणी शोधत होतो."

 मले तिचा त्या दिवशी फुललेला चेहरा आठवला, "अगं बाई, मग तर फारच छान." माह्या पोरीच्या पोटाची बातमी आयकून ती बाई फुलली होती! वकीलच्या वकील, पुण्याची सून, तीन मजली घर, आन आत हे भरलेलं! त्या भोकातल्या काळ्या पाण्याची मले एवढी किळस नाही आली.

"तुम्ही लोक कुठे एवढं मानता," वकील म्हणाले. "प्रत्यक्षात काही होत नसतं. मनाचं समाधान असतं."

"होत नसते ना? मंग आरतीच्या जागी अदितीचं नाव घ्या."

वकिलानं हातातली पळी पंचपात्रात ठेवली.

"घ्या ना साहेब. उलीसं तं नाव हाय. काही होत नसते म्हणता ना?"

"हे पाहा बाई," आता त्याईचा आवाज बदलला. "घराचं काम हवंय ना तुम्हाला? वर्षभराचा ठेका आहे. नवऱ्याला पाणी सोडू द्या आणि मोकळ्या व्हा."

हवं होतं. कसं नाही? ह्याईचा हात माह्या हातात होता, थेंब थेंब पाणी बोटाईच्या मधातून गळून राहिलं होतं, आन मी खालून दुसरा हात लावून ते अडवत होती. एक थेंब ताम्हनात पडला असता तरी मले सहन झालं नसतं. मी मानते. आमी लोक मानतो, साहेब, तुमच्याएवढंच मानतो.  ह्याईनं मान वळवून माह्याकडं पाह्यलं.  ठेका सोड म्हणाले नाही, धर म्हणाले नाही. त्याईचा तो गप्पपणा मले सगळ्यात जास्त लागते.

मी ताम्हन पुढं ओढलं.

"सोडते पाणी," मी म्हटलं. "पण मंत्र माहा. आमच्या बोलीत." आन ह्याईचा हात दोन्ही हातानं धरून मोठ्यानं म्हटलं, गल्लीत आयकू जाईन एवढ्या मोठ्यानं, "ज्यानं या झाडाले भोकं पाडली, त्याचं त्याले. पोटातल्याले नाही, सुनेले नाही, माह्या लेकीले नाही. ज्याचे हात, त्याचंच पाप!"

आन हात उलटा केला. पाणी, अक्षता, फूल, सगळं ताम्हनात पडलं.

"अहो! असं नाही म्हणायचं!" वकील उठून एकदम मागं सरकले. ज्याईच्या मतानं काही होत नसते, ते सोवळं सावरत भिंतीले जाऊन टेकले.

"काहून? होत नसते ना काही?"

मी उठली. ह्याईनं दोर, आरी, करवत पोत्यात भरली. भोकाईचे डाट उखडलेले होते, ते तसेच राहू देले. पंचपात्रातलं उरलेलं साधं पाणी घेऊन ह्याईनं तिथल्या तिथी भोकं धुतली, कोणाले न इचारता. मंग आमी फाटकाकडं निघालो. मागून अनुपमाबाईचा आवाज आला.

"अहो, ते ताम्हन उचला ना तिथून!"

"तू उचल."

"मी? संकल्प तुम्ही सांगितलात!"

जाळीच्या दारातून अदिती बाहेर पाहून राहिली होती. तिनं सगळं आयकलं होतं. त्या पोरीचं तोंड पांढरं पडलं होतं, आन पाहत होती ती माह्याकडं नाही, आपल्या सासूकडं.

मंग वापसीची गाडी धरली. मूर्तिजापूरले मी उतरली, आरतीच्या घरी गेली, काही न सांगता तिच्या पोटावर हात ठेवून बसली. पोरगी म्हणे, "माय, काय झालं वो? अशी काहून पाहून राहिली?" मी म्हटलं, "काही नाही, तुले काय खावं वाटते सांग." पोटातलं लेकरू माह्या हाताखाली हाललं, तवा मले रडू आलं. घरी येऊन मी साबण लावून लावून हात धुतले, ह्याईचे बी धुतले. ठेका गेला म्हणून शिव्या देल्या, कोणाले देल्या ते मलेच माहीत नाही.

"लय छत्री घेऊन उभं राहणार होते तुमी," मी म्हटलं.

"मले छत्री धरता आली नसती वो," हे म्हणाले. "हात दुखले असते." आन हासले. मी तांब्या फेकून मारला, पण आंगाले लागू देला नाही.

आरतीले पोरगी झाली. चांगली, ठणठणीत, आवाज माह्यावर गेला. ते होईपर्यंत मी रोज उठून देवाले एकच सांगत होती, का मंत्र माहा होता, वकिलाचा नाही.

बारशानंतर अकोल्याले काम निघालं, त्याच जठारपेठेत, दोन गल्ल्या सोडून. एका मास्तरणीच्या घरचा कडुनिंब, तिले खरंच जगवायचा होता. जाताना मी मुद्दाम त्या बंगल्यावरून गेली. फाटकाले आतून कुलूप. आत पाह्यलं. ताम्हन तिथीच! वाटेच्या मधात, ठेवलं तसं. पावसानं काठोकाठ भरलेलं, तांबं हिरवं पडलेलं, त्यात सडकी उंबरं, कुजलेली पानं, आन पाण्यात डासाच्या अळ्या वळवळून राहिल्या होत्या. थू! मी नाक दाबलं आन तरी पाहतच राहिली.

शेजारची भांडेवाली भेटली, तिनं सगळं सांगितलं. ताम्हनाले कोणी हात लावत नाही. आधी वकिलानं या भांडेवालीलेच सांगितलं उचलून टाक, ही म्हणे मी काहून? मंग दूधवाल्याले सांगितलं, पेपरवाल्याले सांगितलं, तोवर गल्लीभर झालं होतं, कोणी तयार होईना. आता वकीलसाहेब आन बाईसाहेब समोरच्या दारानं येत-जात नाहीत. मागच्या बोळातून जातात, न्हाणीच्या नालीवरून, सोवळं वर धरून. सून ओटीभरण न करताच पुण्याले वापस गेली. घर बांधणं थांबलं, कारण उंबर तोडाले कोणी मिळत नाही. आन उंबराले, रस्त्याकडच्या बाजूनं, नवी पालवी आली होती.

ह्याईले सांगितलं तं म्हणाले, "ती भोकं एकदा नीट साफ कराले पाहिजे होती." बस, एवढंच! माणसाची गोष्ट सांगा, हे झाडाचंच बोलन.

मास्तरणीच्या निंबावर हे चढले. बुंध्याले येढा घालून मी दोर धरला. वरून आवाज आला, "रुख्मे, धरला का?" मी म्हटलं, "हाव, धरला. मुकाट्यानं काम करा." तेवढ्यात माह्या गालावर काहीतरी पचकन पडलं, ओलं आन गरम, आन हळूहळू मानेकडं उतरू लागलं. पाखराची शीट. पदरानं पुसावं वाटलं. पण हे तवाच एका फांदीवरून दुसरीवर चालले होते, आन माहे दोन्ही हात दोराले होते. मी तोंड मिटून वर पाहत राहिली.